सातचा पाढा, दोनदा

जठारपेठ, अकोला
१० डिसेंबर २०२४

प्रिय माणिकआत्या,

पत्र पाहून हसशील. शंभर किलोमीटरवरच्या माणसाला आजकाल पत्र कोण लिहितं! पण फोन लागला की तुझं कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, आणि माझा फोन दिवसभर हर्षाच्या हातात असतो. पोरगी आठ वर्षांची झाली, सगळं वाचते. तिच्याबद्दलचं तिच्या देखत किती दिवस कुजबुजायचं? म्हणून हा कागद.

शुक्रवारी, दोन आठवड्यांनी, आम्ही नागपूरहून परत आलो. किशोरने तुला "ताप आहे, दवाखान्यात नेतोय" एवढाच निरोप दिला होता. खरं तर ताप साधा नव्हता. तू गेलीस त्याला आठवडा झाला नव्हता. त्या गुरुवारी संध्याकाळी हर्षाला अशी थंडी भरली की पलंग हलत होता. दोन गोधड्या घातल्या, वर मी आडवी झाले, तरी दात वाजायचे थांबेनात. नागपूरला पोचलो तेव्हा डोळे उघडत नव्हती. डॉक्टरांनी किमोसाठी छातीत बसवलेल्या नळीतून रक्त घेतलं, हातातूनही घेतलं. दोन्हीत एकच जंतू. नळीतून रक्तात शिरलाय, म्हणाले. किमोने तिच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात, अंगात लढणारंच कुणी नाही. नळी काढायची की ठेवायची यावर त्यांची दोन दिवस चर्चा चालली. हातातल्या शिरा तर पार गेल्यात, आणि कॅन्सरचं औषध अजून वर्षभर जायचंय. शेवटी नळीतच औषध भरून ती वाचवली. पोरगीही वाचली.

आता ऐक. रिपोर्ट आला तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, हा पाण्यात, ओलाव्यात वाढणारा जंतू आहे, घरी नळीला पाणी कुठून लागलं? मग विचारलं, घरी नळी कोण धुतं? मी म्हटलं, "माझी आत्या पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, तिने दोन महिने इथे राहून केलं आणि मला शिकवलं." ते म्हणाले, "मग ठीक." त्यावर पुढे काही विचारलंच नाही. मला इतका अभिमान वाटला तुझा!

म्हणजे राहिलं पाणी. आणि पाणी कुणी लावलं ते मला माहीत आहे. त्या आठवड्यात सासूबाई हिवरखेडहून आल्या होत्या. हर्षाची पाठ खाजत होती, तर मी दूध आणायला गेले तेवढ्यात त्यांनी ओल्या फडक्याने तिचं अंग पुसून दिलं. मी आले तर छातीवरच्या पट्टीचा एक कोपरा ओला. लगेच पट्टी बदलली, पण व्हायचं ते झालं असणार. दवाखान्यातून आल्यावर मी त्यांना बोलले. फार बोलले, आत्या. "माझ्या लेकराला मारायला आलात का" असं म्हटलं. त्यांनी पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने गेल्या.

मी मात्र तू शिकवलेली एकही पायरी सोडत नाही. सोमवार-गुरुवार, संध्याकाळी पाचला. आधी साबणाने हात. हर्षा मोरीच्या दारात स्टूल टाकून बसते आणि माझ्याकडून सातचा पाढा दोनदा म्हणून घेते. मध्ये अडखळले की "चुकलं, पहिल्यापासून!" हा तुझाच नियम. मग मास्क, हातमोजे. मग फ्रिजमधली सलाइनची शंभर मिलीची बाटली, लोणच्याच्या बरणीमागे रुमालात गुंडाळलेली. बुचातल्या सुईवरचा स्पिरिटचा कापूस काढायचा, सिरिंजने दहा मिली ओढायचं, हळूहळू नळीत सोडायचं. पुन्हा नवा कापूस. सगळं तुझ्यासारखं. तरी रात्रंदिवस वाटतं, माझं काही चुकत तर नाही ना? तू स्पष्ट सांग. तुझ्याशिवाय विचारणार कुणाला?

तुझी
आरती


राजापेठ, अमरावती
१५ डिसेंबर २०२४

चि. आरतीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. पोरगी सुखरूप आहे हे महत्त्वाचं. तू कॉलेजची पाच वर्षं माझ्याकडे काढलीस, तेव्हा साधं दूध उतू गेलं तरी रडायचीस. आता एवढं सगळं एकटीने निभावलंस, याचं मला कौतुक आहे.

एक विचारायचं होतं. त्या गुरुवारी थंडी नेमकी कधी भरली? नळी धुण्याआधी की नंतर? नंतर असेल तर किती वेळाने? आठवून लिही.

बाकी काळजीचं कारण नाही. तुझा हात चांगला आहे, मी पाहिलाय. सासूबाईंचं म्हणशील, तर ओल्या फडक्याने असं होऊ शकतं. होतंच असं नाही, पण होऊ शकतं. जुन्या माणसांना कळत नाही. तू बोललीस ते जरा जास्त झालं, पण आईचा जीव आहे, कुणीही समजून घेईल.

हवामान बदललंय, म्हणून एक कर. बाटली फार दिवस ठेवत जाऊ नकोस. नवी आणत जा. दवाखान्याने त्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या लिहून दिल्या होत्या, एका वेळी एक वापरून फेकायची, त्या आणल्यास तरी चालेल. आणायलाच हव्यात असं नाही, पण बऱ्या.

इथे सगळं ठीक. गल्लीतल्या बायका अजून इंजेक्शन घ्यायला माझ्याकडेच येतात. म्हणतात, माणिकबाईंची सुई कळतसुद्धा नाही. हर्षाला सांग, आत्याआजीने आठचा पाढाही पाठ ठेवायला सांगितलाय.

तुझी
माणिकआत्या


जठारपेठ, अकोला
२१ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. किशोरला वाचून दाखवलं. तो पंधरा दिवस आईची बाजू घेत होता ना, त्याला म्हटलं, "बघ, आत्यासुद्धा म्हणते, ओल्या फडक्याने होऊ शकतं. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे तिचा."

तो बुधवारी हिवरखेडला जाऊन आला. औषधोपचार संपेपर्यंत आईने इकडे येऊ नये असं त्याने स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्यांची जीभ तुला माहीत आहे, लग्नात मांडवातच तुला म्हणाल्या होत्या, "तुमी सिस्टर असान तं घरी, इथं पोरीची माय म्हनून बसा." पण या वेळी तूर सोलत बसल्या होत्या त्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "माह्या हातानं झालं असन तं मी नाई येत. पन पोट्टी बरी हाये का नाई, एवढं मले कळवत जाजो." किशोर आल्यापासून जेवताना मान वर करत नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण लेकरू माझं आहे. हर्षा रोज विचारते, आजी का गेली. तुरी काढायच्या आहेत म्हणून थाप मारते.

तू विचारलंस ते आठवलं. थंडी नळी धुतल्यावरच भरली. वीस मिनिटांनी असेल. मी हात पुसून चहा टाकला होता, तो उकळायच्या आत तिने हाक मारली. हे का विचारलंस?

बाटलीचंही लक्षात आहे. वाया घालवायचं नाही ही तुझीच शिकवण, त्यामुळे आहे ती आधी संपवते. तू जायच्या आदल्या दिवशी उघडलीस तीच आहे अजून, दवाखान्यातून आलो तेव्हा जवळजवळ भरलेली होती. आता निम्म्याच्या खाली आलीय. संपली की त्या कुप्याच आणते.

अकोल्याला यंदा थंडी कडक आहे. परवा गुरुवारी नळी धुतल्यावर हर्षा जरा कुडकुडली. स्वेटर घालून उन्हाळ्यातल्या गोष्टी सांगत बसले तर थांबली. ताप नव्हता. थंडीचेच दिवस आहेत.

आठचा पाढा तिला येतो. मला येत नाही, त्यामुळे आपला सातच बरा.

तुझी
आरती


राजापेठ, अमरावती
२४ डिसेंबर २०२४

आरती,

शेजारची प्राजक्ता आज नागपूरला कॉलेजला परत जातेय, तिच्या हाती हे पत्र देते. ती वॉर्डाच्या दारात तुला देईल. हर्षाजवळ बसून वाचू नकोस. बाहेर ये.

काल किशोररावांचा "हर्षाला परत तशीच थंडी भरली, नागपूरला नेतोय" असा निरोप आला तेव्हा मी त्यांना लगेच फोन करून सांगितलं, की फ्रिजमधली सलाइनची बाटली घेऊन जा, डॉक्टरांना दाखवा, तपासायला सांगा. त्यांनी विचारलं, "का?" मला ऐकू आलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं करून फोन ठेवला. ते "का" आता लिहिते.

हर्षाच्या रक्तातला जंतू त्या बाटलीतला आहे. फडक्यातला नाही. तुझ्या सासूबाईंचा, जमुनाबाईंचा, काही दोष नाही. तुझाही नाही. तुला तसं शिकवलं मी.

दवाखान्याने कुप्या लिहून दिल्या होत्या, एकदा उघडायची, उरेल ते फेकायचं. मी म्हटलं, आत पाणी तेच, हे लाड कशाला? आमच्या वॉर्डात एका बाटलीवर बारा पलंग व्हायचे. बुचात सुई टोचून ठेवायची, वर कापूस, ज्याला लागेल त्याला त्यातूनच. सामान कधी पुरायचं नाही, म्हणून सगळ्याच तसं करायच्या. हात इतका सवयीचा झाला की चूक आहे हे कळेनासं झालं. नंतर नंतर आम्हाला कागद आले होते, असं करू नका म्हणून. मी सही केली आणि तसंच करत राहिले. धडधाकट माणसाला एखादा जंतू गेला तर अंग त्याला निपटून टाकतं. हर्षाच्या अंगात निपटायला कुणी नाही, आणि नळी थेट काळजाशी जाते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी फ्रिजमध्ये बाटली ठेवली. सुईच्या भोकातून आत काय जातं आणि फ्रिजच्या गारव्यातही काय वाढतं, हे पुस्तकात वाचून मी परीक्षा दिली आहे.

तुझ्या पहिल्या पत्रात "पाण्यातला जंतू" वाचलं तेव्हाच मला शंका आली. म्हणून तर विचारलं, थंडी किती वेळाने भरली. आणि तरी उत्तरात "होऊ शकतं" असं गोल लिहिलं. जमुनाबाईंवर आलं होतं, ते त्यांच्यावरच राहू दिलं. "हवामान बदललंय" लिहिलं. लाज वाटते आरती, हवामान!

आणि आता सगळ्यात वाईट. तुझं दुसरं पत्र मला काल, सोमवारी, दुपारी एक वाजता मिळालं. "वीस मिनिटांनी" वाचलं. "कुडकुडली" वाचलं. तू पाचला नळी धुतेस हे मला माहीत होतं. माझ्याजवळ चार तास होते. "बाटली फेक" एवढे दोनच शब्द होते. तीन वाजता मी फोन लावला. हर्षाने उचलला. "आत्याआजी!" म्हणून ओरडली ते मशीनशिवायही ऐकू आलं असतं. मी म्हटलं, "काही नाही गं, सहज केला." आणि ठेवला. मनाला सांगितलं, आज एवढं जाऊ दे, बाटली संपतच आलीय, उद्या कुप्या आणेल, कुणाला काही कळायला नको. पस्तीस वर्षांचं नाव सांभाळत मी पाच वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत बसले. सात वाजता निरोप आला.

तुझ्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. माझ्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही.

माफी मागत नाही. कोणत्या तोंडाने मागू? डॉक्टरांना हे पत्र दाखव. हिवरखेडला मी आजच वेगळं पत्र टाकलंय.

माणिक


नागपूर
५ जानेवारी २०२५

आत्या,

तुमचं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. त्याला बारा दिवस झाले. रोज उत्तर मनात लिहिलं आणि रोज फाडलं. बघा, हात आपोआप "तुम्ही" लिहितोय. तू म्हणवत नाही.

आधी पोरीचं. चोवीस तारखेला नळी काढली. बाटली किशोर घेऊन आला होता, तपासली. तोच जंतू, ठासून भरलेला. डॉक्टर म्हणाले, बाटलीचं कळलं नसतं तर आम्ही परत नळी वाचवत बसलो असतो, आणि परत घरी गेल्यावर परत तेच. तीन दिवस हर्षा अतिदक्षता विभागात होती. रक्तदाब धरत नव्हता. मला दिवसातून दोनदा काचेतून बघू द्यायचे. चौथ्या दिवशी ताप उतरला. आता वॉर्डात आणलंय, भात खाते, चिडचिड करते. हाताला शीर सापडायला पाच-पाच वेळा टोचावं लागतं आणि ती ओरडते तेव्हा मी भिंतीकडे तोंड करते. पुढच्या आठवड्यात नवी नळी टाकणार. कॅन्सरचं औषध तीन आठवडे मागे पडलं, त्याचं काय होईल ते कुणीच छातीठोकपणे सांगत नाही.

तुम्ही लिहिलंत, "तुझाही दोष नाही." पण सिरिंजचा दट्ट्या माझ्या अंगठ्याने दाबला. हळूहळू, तुम्ही शिकवलं तसा, पोरीला गोष्ट सांगत. हे माझ्या अंगठ्याला कोण समजावणार? बाटलीचं शिकवलंत ते एकवेळ मी विसरेन. तुम्हाला कुणी वेगळं करूच दिलं नसेल. पण ते चार तास विसरणं जमत नाही. हर्षाने मला सांगितलं होतं, "आत्याआजीचा फोन होता, सहज केला म्हणाली." मी हसले होते. मग उठून हात धुवायला गेले होते.

सासूबाई इथे आहेत. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी त्या हिवरखेडहून निघाल्या. मी त्यांच्या पाया पडले तर पाय मागे घेतले. म्हणाल्या, "तू मले 'मारायले आली' म्हनली तवा नाई रडली मी. आता काहून रडवतं?" मग पदराने आधी माझे डोळे पुसले आणि त्यानंतर स्वतःचे. अठरा-वीस दिवस त्या उजव्या हाताने जेवल्या नाहीत, आत्या. हे मला किशोरने नंतर सांगितलं. त्या हाताने पोरीला पुसलं म्हणून.

आता पत्र लिहायचं खरं कारण. या वॉर्डात नळीवाली अकरा मुलं आहेत. आमचं सगळ्यांना कळलं, लपवून काय करायचं होतं? तर परवा पांढरकवड्याची एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, आम्ही पण बाटली फ्रिजमध्येच ठेवतो." मग आणखी एक आली. मग तिसरी. कुणाला गावातल्या कंपाउंडरने शिकवलंय, कुणाला निवृत्त सिस्टरने. सगळे भले लोक, मदतीला धावून आलेले. इथल्या सिस्टर कागद वाटतात, पण बायका कागद घडी करून पिशवीत ठेवतात आणि ऐकतात आपल्या माणसाचं. मी ऐकलं तसंच.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या ज्वारीची लाही निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग थ्या बाईले बलाव ना. चुकली थे तिनंच सांगाव. घरी बसून रडून कोनाचं भलं होते? इथं येऊन या बायायले सांग म्हना, मी असं केलं, तुमी करू नोका."

मी डॉक्टरांना विचारलं. ते हो म्हणाले. दर बुधवारी दुपारी आयांना बसवून शिकवतात, तिथे.

तेव्हा ये. माझ्यासाठी येऊ नकोस, माझा राग गेलेला नाही आणि तो कधी जाईल ते मला माहीत नाही. तू आलीस तरी मी कदाचित बोलणार नाही. पण त्या अकरा जणींसमोर उभी राहा आणि त्या सोमवारच्या दुपारचंसुद्धा सांग. गोल करून सांगू नकोस.

हर्षाला तुझं काही सांगितलेलं नाही. ती तू कधी येणार म्हणून विचारते. वॉर्डाच्या दाराशी हात धुवायचं बेसिन आहे, तिथपर्यंत तिला खुर्चीत बसवून नेता येतं, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांकडून, डॉक्टरांकडूनसुद्धा, सातचा पाढा दोनदा म्हणून घेते. तुझ्याकडूनही घेईल. आणि मध्ये चुकलीस तर सोडणार नाही, पहिल्यापासून म्हणायला लावेल.

आरती